पाइपलाइन : आधी वाळूवर बसा

हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर एहुकाई नावाचं एक छोटं सार्वजनिक उद्यान आहे. समोर प्राथमिक शाळा, रस्त्याच्या कडेला गाड्यांची दाटी, आणि झाडांतून थोडं पुढे गेलं की समुद्र. उद्यानातून समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला, किनाऱ्यापासून शंभर मीटरच्या आत जी लाट फुटते ती पाइपलाइन. १९६१ साली फिल एडवर्ड्स या लाटेवर उतरला आणि ब्रूस ब्राऊननं ते कॅमेऱ्यात टिपलं. तेव्हापासून जगभरातले सर्फर आणि बॉडीबोर्डर तिच्यासाठी आयुष्यातले हिवाळेच्या हिवाळे देत आले आहेत. काहींनी जीवही दिला आहे.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. नोकरीनं होनोलुलूत आणलं आणि समुद्राच्या ओढीनं हातात बॉडीबोर्ड दिला, म्हणजे पोटावर झोपून लाट घ्यायची आखूड फळी. मोठ्या दिवसांची पाइपलाइन माझ्या आवाक्यातली नाही. लहान दिवशी, जाणत्या मित्रांच्या सोबतीनं, मी तिथे उतरलो आहे. पण हिवाळ्यातले शनिवार त्या वाळूवर घालवून डोळ्यांनी जे पाहिलं आणि तिथल्या लोकांकडून जे ऐकलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं. आता आपल्याकडची तरुण मुलंही बोर्ड घेऊन पाण्यात उतरू लागली आहेत. मोबाइलवर पाइपलाइन बघून ‘एकदा तिथे जायचंच’ असं मला कळवतात. जरूर यावं. त्याआधी हे वाचावं.

१. लाट किती उंच हे नंतर विचारा, खाली पाणी किती आहे ते आधी विचारा.

कोकणात वाढलेल्या माणसाला लाटेची एक सवय असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर उथळ समुद्र लांबवर पसरलेला आहे. मुंबईसमोर तर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या तळावरून घासत येताना लाटेची बरीच ताकद वाटेतच जिरते. मग पुळणीच्या मंद उतारावर ती आधी माथ्यावर पांढरी होते आणि फेसाळत सरकत येते. पावसाळ्यातला खवळलेला दर्या सोडला, तर गुडघाभर पाण्यात उभं राहून आपण तिची मजा घेतो.

हवाई बेटं म्हणजे खोल महासागरातून सरळ वर आलेले ज्वालामुखी. लाटेला वाटेत अडवायला लांबरुंद उथळ पट्टा नाही. खोल पाण्यातून वेगानं येणारी लाट शेवटच्या क्षणी एका सपाट खडकावर चढते. तिचा पायथा एकदम अडतो, माथा मात्र त्याच वेगानं पुढे जात राहतो. म्हणून ती ढासळत नाही, स्वतःला पुढे फेकते. माथ्यावरचं पाणी जाड पडद्यासारखं समोर कोसळतं आणि आत पोकळी तयार होते. हीच ती बॅरल, जिच्यात शिरण्यासाठी सगळा खटाटोप असतो. त्याच वेळी लाट आपल्या पुढ्यातलं पाणी स्वतःकडे ओढून घेत असते, त्यामुळे पडणाऱ्याच्या खाली खडकावर काही ठिकाणी माणसाच्या उंचीएवढंही पाणी उरत नाही. चित्रफितीत वरची निळी पोकळी दिसते, खालचा खडक दिसत नाही. माझ्या मते पाइपलाइनबद्दलचे सगळे गैरसमज इथून सुरू होतात.

२. आज फुटणारी लाट तीन दिवसांपूर्वी निघालेली असते.

हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमध्ये, कामचाटका आणि अल्यूशियन बेटांच्या बाजूला, मोठी वादळं होतात. तिथल्या वाऱ्यानं उठलेलं पाणी हवाईपर्यंत येता येता नीट रांगांमध्ये लागतं. त्यालाच सर्फर स्वेल म्हणतात. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत मोजतात. सोळा सेकंदांचा स्वेल खोल पाण्यात ताशी सुमारे ४५ किलोमीटरनं पुढे सरकतो, म्हणजे तीन हजार किलोमीटर यायला त्याला पावणेतीन दिवस लागतात. दोन लाटांमध्ये खोल समुद्रात चारशे मीटर अंतर असतं आणि लाटेचा प्रभाव दोनशे मीटर खोलपर्यंत पोचतो. आठ सेकंदांची लाट तितक्याच उंचीची असली तरी तिच्यात हे वजन नसतं.

त्यामुळे अंदाज वाचताना मी उंचीचा आकडा शेवटी बघतो. आधी सेकंद, मग दिशा. पश्चिमेकडून आलेला स्वेल पाइपलाइनच्या मुख्य लाटेला, म्हणजे सर्फरच्या डावीकडे जाणाऱ्या लाटेला, मानवतो. उत्तरेचा असेल तर उजवीकडची लाट उघडते. तिला बॅकडोर म्हणतात. दिशा फार उत्तरेला सरकली की डावीकडची लाट एकाच वेळी सगळ्या लांबीवर कोसळू लागते आणि आत शिरलेल्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही. वारा ईशान्य-पूर्वेकडून जमिनीवरून वाहत असेल तर तो लाटेचा माथा धरून ठेवतो. दिशा, सेकंद आणि वारा कळले, की त्या दिवशीची लाट कशी वागणार हे बरंचसं घरी बसूनच कळतं.

भरती-ओहोटीचं मात्र उलट. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, म्हणून आपण पंचांगातली तिथी बघून किनाऱ्यावर जातो. हवाईत हा फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा. पण खडकावर मुळात पाणीच कमी असेल तर तेवढे दोन फूटही हिशेबात धरावे लागतात.

३. उन्हाळ्यात जाऊन तळ बघून या.

जून-जुलैत हीच जागा तळ्यासारखी शांत असते. लहान मुलं तिथे पोहतात. मला कुणी विचारलं की पाइपलाइनचा अभ्यास कुठून सुरू करू, तर मी सांगतो, डोळ्यांना मास्क लावून उन्हाळ्यात तिच्यावरून पोहा.

मी पहिल्यांदा तसा गेलो तेव्हा कासवं आणि मासे बघायचं मनात होतं. ते दिसलेच. पण लक्षात राहिला तो खडक. वरून सपाट वाटणारी लादी, आणि मध्येच हात-दोन हात रुंदीची भेग. भेगेत वाकून पाहिलं तर आत अंधार. लादी खालून पोखरलेली, काठ पुढे आलेला. एका कपारीच्या तोंडाशी मी काठाला धरून थांबलो. पाणी संथ होतं, तरी प्रत्येक हलक्या हेलकाव्याबरोबर ते मला थोडं आत ओढत होतं आणि थोडं बाहेर सोडत होतं. जानेवारीत याच तोंडाशी किती पाणी किती जोरानं आत जात असेल, हे समजायला आणखी काही लागलं नाही. वेंगुर्ल्याच्या खडपांवर कालवं काढायला जाणारी माणसं कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही हे पाठ करून असतात. इथेही तसंच पाठ करावं लागतं; पोहायला सुरक्षित असतं त्याच दिवसांत.

आणखी एक. मोठ्या लाटा नसताना खडकावर वाळू येऊन बसते. मोसमाच्या सुरुवातीला ती जागच्या जागी असते, आणि मग लाट भलतीकडेच उठते, मध्येच वाकते, अचानक बंद होते. मोठे पश्चिमी स्वेल येऊन वाळू धुऊन नेतात तेव्हा कुठे तिचा नेहमीचा आकार परततो. खाली मऊ वाळू आहे म्हणजे बरंच, असं नवख्याला वाटतं. जुने लोक त्याच दिवसांत जास्त जपून असतात.

४. इथले फूट वेगळे.

हवाईतले जुने सर्फर लाट मोजतात ती दर्शनी उंचीच्या साधारण निम्म्यानं. कुणी ‘सहा फूट’ म्हणालं तर समोर बारा फुटांची भिंत असते. हे माहीत नसलेला माणूस आकडा ऐकून निर्धास्त होतो.

५. लवकर उठून या आणि काहीच करू नका.

लाटा सारख्या येत नाहीत. मोठ्या लाटांचे गट, म्हणजे सेट, मधे शांतता ठेवून येतात. त्या शांततेत समुद्र इतका साधा दिसतो की पर्यटक पाण्यात पाय बुडवायला खाली जातात. मी स्वतःसाठी आणि माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकासाठी नियम ठेवला आहे : किमान तासभर बसायचं, बोर्ड पिशवीतून काढायचाही नाही.

त्या तासाभरात दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. सेटमधली कितवी लाट मोठी असते. पहिलीवर पडलेला माणूस दुसरी डोक्यावर घेतो तेव्हा कुठे वर येतो. फुटलेलं पाणी किनाऱ्यावर चढून परत कुठल्या वाटेनं जातं. ते किनाऱ्याला समांतर वाहतं आणि वाळूतल्या चरातून जोरानं बाहेर ओढतं. तुटलेला बोर्ड कुठे येऊन लागतो, हे मी मुद्दाम बघतो. बोर्ड जिथे येतो तिथेच थकलेला माणूसही येतो. आणि दूर, फुटणाऱ्या लाटेच्याही मागे, क्षितिजाकडे पाणी काळपट होऊन उचललं जातंय का? तिथे दुसरा खडक आहे, त्यापलीकडे तिसरा. दुसऱ्या खडकावर पांढरं दिसू लागलं की दिवस बदललेला असतो, आणि आत बसलेल्यांतले जाणते आधीच हात मारत बाहेर निघालेले असतात.

इथे ओळखीला किती किंमत आहे याचा दाखला २०२२च्या फेब्रुवारीत सगळ्यांना मिळाला. मोआना जोन्स वाँग ही इथलीच मुलगी, पाइपलाइनवरच्या स्पर्धेत तिला केवळ खास प्रवेश मिळालेला. तिनं अंतिम फेरीत पाच वेळच्या विश्वविजेत्या करिसा मूरला हरवलं. त्याच स्पर्धेत पुरुषांत जिंकला केली स्लेटर, पन्नासाव्या वाढदिवसाला काही दिवस उरलेले असताना. त्यानं इथली मास्टर्स स्पर्धा पहिल्यांदा जिंकली होती १९९२ साली. ताकदीवर भागत असतं तर पन्नाशीच्या माणसाला तरुणांनी केव्हाच मागे टाकलं असतं. दोघांनी ही लाट वर्षानुवर्षं वाचलेली होती.

६. पाण्यातल्या रांगेला मान द्या.

पाइपलाइनवर लाट फुटायला सुरुवात होते ती जागा अगदी लहान. तिथे चांगल्या दिवशी पन्नास माणसं बसलेली असतात. एका लाटेवर एकच माणूस, हा जगभरचा नियम इथे जीव वाचवणारा आहे, कारण दोघे एकमेकांवर आदळले तर खाली खडक आहे. पण लाट कुणाची हे ठरवताना जागेबरोबर माणूसही पाहिला जातो. जे इथे लहानाचे मोठे झाले, ज्यांनी इतरांना पाण्यातून ओढून काढलं, त्यांचा हक्क पहिला. बाहेरून आलेल्याला हे कधी कधी जाचक वाटतं. मला ते रास्त वाटतं. नवखा माणूस चुकीच्या लाटेवर गेला तर त्याला शोधायला उडी मारणार तेच लोक.

बॉडीबोर्डरला या रांगेत आणखी थोडं मागे बसावं लागतं. उभे राहणारे सर्फर पोटावर झोपून जाणाऱ्यांना कमी लेखतात, हे आजही आहे. वास्तविक जुन्या हवाईत पाइपो नावाच्या आखूड फळीवर पोटावर झोपून लाट घेण्याची मोठी परंपरा होती. आजचा फोमचा बोर्ड टॉम मोरी यांनी १९७१ साली हवाईच्या मोठ्या बेटावर बनवला, आणि नऊ वेळा विश्वविजेता झालेल्या माइक स्टुअर्टनं याच पाइपलाइनवर दाखवून दिलं की लाटेच्या सर्वांत खोल जागी बॉडीबोर्ड जाऊ शकतो. बॉडीबोर्डर उभं राहण्यात वेळ घालवत नाही, त्यामुळे सर्फरला जमणार नाही इतक्या उशिरा, इतक्या उभ्या भिंतीवरून तो खाली उतरू शकतो. धोकाही त्यातच आहे. उशिरा निघता येतं, म्हणून माणूस नको तितक्या उशिरा निघतो, आणि डोकं बोर्डच्या पुढच्या टोकाशी असल्यानं आपटतं तेव्हा आधी डोकं आणि मान आपटते.

७. मध्यम लाटही मारते.

मलिक जॉयो हा ताहितीचा. तिआहुपोसारख्या अजस्र लाटेवर नाव कमावलेला. २ डिसेंबर २००५ रोजी पाइपलाइनवर तो ज्या लाटेवर पडला ती त्याच्या मानानं फार मोठी नव्हती. माथ्यावरचं पाणी थेट त्याच्यावर कोसळलं, बोर्ड मोडला, पायाची दोरी तुटली. सगळे शोधत असताना तो पाण्याखालीच होता, आणि सापडला तेव्हा उशीर झाला होता. वय पंचवीस. पायाची दोरी तुटली की वर तरंगणारा बोर्ड माणूस कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून इथले लोक एकट्यानं उतरत नाहीत. जोडीदार लाटेवर गेला की तो पलीकडे बाहेर येताना दिसेपर्यंत नजर हलवत नाहीत.

दहा वर्षांनी, २०१५च्या डिसेंबरात, फ्लोरिडाचा इव्हान गाइसलमन असाच बेशुद्ध होऊन फेसात गडगडत होता. त्याच्यापर्यंत आधी पोचला तो आंद्रे बोथा, दक्षिण आफ्रिकेचा, दोनदा विश्वविजेता ठरलेला बॉडीबोर्डर. लाटा अंगावर येत असताना त्यानं पाण्यातच गाइसलमनच्या तोंडात श्वास फुंकला आणि त्याला धरून ठेवलं, मग जीवरक्षक पोचले. गाइसलमन वाचला. फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात नुसते हात चालत नाहीत. बॉडीबोर्डरच्या पायांतले फिन्स अशा वेळी कामी येतात. वाळूवर बसून सर्फर-बॉडीबोर्डर असा वाद घालणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो.

८. स्वतःच्या पायांनी बाहेर आलेला माणूस सुटलेला असतोच असं नाही.

त्याच महिन्यात, १० डिसेंबरला, ऑस्ट्रेलियाचा ओवेन राइट स्पर्धेआधी सराव करताना लाटांच्या माऱ्यात सापडला. तो बाहेर आला, खोलीवर गेला, आणि मग त्याची तब्येत बिघडत गेली. मेंदूला मार लागून रक्तस्राव झाला होता. चालण्यापासून सगळं त्याला पुन्हा शिकावं लागलं. २०१७ साली तो परतला आणि पहिलीच मोठी स्पर्धा जिंकला, पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदकही मिळवलं. पण तो महिना हवाईतल्या लोकांच्या अजून लक्षात आहे.

मी पाहिलेला एक मुलगा सांगतो. सोळा-सतरा वर्षांचा असेल. चांगलाच आपटून बाहेर आला. अंगातला सदरा पाठीवर फाटलेला, आत बारीक समांतर ओरखडे, त्यांतून पाण्याबरोबर गुलाबी रक्त खाली ओघळत होतं. तो हसत होता. जीवरक्षक बाई त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली. पाठीकडे तिनं एकदाच पाहिलं, बाकी सगळं लक्ष डोळ्यांकडे.

“आज वार कुठला?”

त्यानं बरोबर सांगितला.

“गाडी कुठे लावलीस?”

तो थांबला. मग म्हणाला, “माझे फिन्स कुठे आहेत?”

फिन्स त्याच्याच हातात होते. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. बाईनं वायरलेसवर रुग्णवाहिका मागवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अंकल, याच्यापाशी बसा, झोपू देऊ नका, उठूही देऊ नका.” हवाईत वयानं मोठ्या माणसाला अंकल-आंटीच म्हणतात, ओळख असो-नसो, आपल्याकडे काका म्हणतात तसं. त्याची आई येईपर्यंत मी त्याला शाळेबद्दल विचारत राहिलो. तो मुलगा पुढच्या हिवाळ्यात मला पुन्हा दिसला, डोक्यावर हेल्मेट होतं.

हेल्मेट घालणारे आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसतात. २०२३च्या डिसेंबरात ब्राझीलच्या जोआओ शियांकाला इथेच डोक्याला गंभीर मार लागला, त्यानंतर तर अनेक नामांकितांच्या डोक्यावर ते आलं. मला याचा मनापासून आनंद आहे. हेल्मेट न घालण्यात कसलीही मर्दुमकी नाही.

९. टॉवरवरच्या माणसाशी बोला.

उत्तर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांची परंपरा एडी आयकाऊपासूनची. १९६८ साली तो इथल्याच वायमेआ किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून रुजू झाला. पुढे ब्रायन केउलाना आणि त्याच्या साथीदारांनी जेट-स्कीच्या मागे फळी बांधून माणसं काढण्याचं तंत्र बसवलं, ते आज जगभर वापरतात. एहुकाईच्या टॉवरवर बसलेले लोक हा समुद्र रोज पाहतात. त्यांना नुसतं विचारा : ‘मी अमुक ठिकाणी अमुक वर्षं बोर्ड चालवतो, आज उतरू का?’ ते तुमच्याकडे एकदा बघतात, समुद्राकडे बघतात आणि सरळ उत्तर देतात. नको म्हणाले तर कारणही सांगतात. पाहुण्यांना घेऊन गेलो की मी आधी टॉवरकडे नेतो, मग कोरड्या वाळूवर जागा धरतो. ओली वाळू म्हणजे लाट तिथवर येऊन गेली आहे. तिथे पाठ करून फोटो काढू देत नाही, कुणी कितीही रुसलं तरी.

१०. पायऱ्या सोडू नका.

पाइपलाइनवर जायचंच असेल त्यानं ओआहूवर सुरुवात वाइकीकीच्या वॉल्सवर करावी. तिथे फिन्सनं पाय मारायला, लाटेखालून जायला आणि गर्दीत वागायला शिकता येतं. मग लहान दिवशी माकापू. सँडी बीचला मात्र शिकायला जाऊ नये. ती रस्त्यावरून फार देखणी दिसते, पण तिथली लाट थेट काठावरच्या वाळूत आपटते, आणि मानेच्या दुखापतींसाठी ती कुप्रसिद्ध आहे. हे सगळं अंगवळणी पडलं की उत्तर किनाऱ्यावर यावं, आणि तेही आधी एहुकाईच्या वाळूच्या पट्ट्यावर, खडकापासून बाजूला. तिथेही लाट पोकळ असते, पण पडलात तर खाली वाळू असते.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून आलेला भाचा मला म्हणाला, “मामा, एवढ्या लांब आलोय, एकदा तरी पाइपलाइनवर जाऊ दे.” मी त्याला विचारलं, स्वेल कुठून आहे, किती सेकंदांचा आहे आणि तू पडलास तर तुझ्याकडे कोण बघत असेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं मोबाइलवर शोधून दिली, बरोबर दिली. तिसऱ्याचं त्याच्याकडे नव्हतं. आम्ही वॉल्सला गेलो. आता तो पुण्यातल्या तलावात श्वास धरायचा सराव करतोय आणि जूनमध्ये खडक बघायला परत येतोय. मास्क मी इथे घेऊन ठेवला आहे.